उबेच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर

९ जानेवारी, बुधवार

आज परत तेच रडगाणं. दुपारी जेवायला घरी आले तर बोराम नुकती उठली होती. केस पिंजारलेले, गालावर उशीची घडी. म्हणाली, "आई, हा आपोआप बंद पडतो गं. पहाटे चालू ठेवून झोपते, उठून बघते तर ठप्प."

"जुना झालाय," मी म्हटलं आणि भात वाढला.

जुना झालाय हे खरंच. पण आपोआप नाही काही बंद पडत. मी बंद करते! पहाटे साडेपाचला औषधी मुळ्यांच्या गाळ्यावर कामाला निघते, तेव्हा ही पोरगी नुकतीच आडवी झालेली असते आणि कोपऱ्यात एक्स्टेंशन बोर्डाचा लाल दिवा जळत असतो. माणसं झोपलेली आणि वीज जागी — मला नाही ते बघवत. वाकले तर कंबर धरते, म्हणून पायाच्या अंगठ्याने बटण दाबते. टक्. दिवा गेला की जिवाला बरं वाटतं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका हेच करतात. टीव्हीवरही सांगतात, वापरत नसाल तर बटण बंद ठेवा.

तिला सांगितलं तर अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागेल. कोण ऐकणार!

११ जानेवारी, शुक्रवार

बाहेर उणे सतरा. शेजारच्यांचा नळ फुटला. आमच्या जेचॉनची थंडी म्हणजे नुसता छळ.

या दिवसांत आम्ही एकच खोली तापवतो आणि तिघी तिथेच झोपतो — मी, सासूबाई, बोराम. हे सिमेंटचा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर असतात, रविवारी घरी. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या गेल्यात, पण बॉयलरच्या बाजूचा कोपराच काय तो खरा तापतो. त्या कोपऱ्यावर सगळ्यांचा डोळा. बोरामचं टेबल तिथे, टेबलाखाली जमिनीवर कॉम्प्युटरचा डबा, आणि त्याला लागून सासूबाईंची सोयाबीनची टोपली. उकडलेलं सोयाबीन, त्यात थोडं वाळलेलं भाताचं काड, वर गोधडी, तीन दिवस ऊब — की चंगुकजांग तयार. सूप फक्कड होतं, पण आंबताना वास असा सुटतो की पोस्टमन दारातूनच पत्र फेकून जातो.

बोराम अठ्ठावीसची झाली. सरकारी नोकरीची परीक्षा तीनदा दिली, तीनदा आपटली. दोन वर्षांपूर्वी सोलमधली खोली सोडून घरी आली आणि म्हणाली, मी चित्रमालिका काढणार. नेटवर, लोक फोनवर वाचतात तसली. अठरा भाग झालेत म्हणते. एकतीस जानेवारीपर्यंत एका मोठ्या स्पर्धेला पाठवायचेत. निवड झाली तर दर आठवड्याला एक भाग येणार, तिचं नाव वर. सुगीच्या सणाला तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हे शेवटचं. हे नाही जमलं तर आई म्हणेल ते करीन."

आई म्हणेल ते म्हणजे चौथ्यांदा परीक्षा. ते तिलाही माहीत आहे.

मला काही दाखवत नाही. मी जवळ गेले की पडद्यावरचं बदलून टाकते. कधी नजरेस पडलंच तर एक बाई बसमध्ये बसलेली. मागच्या उन्हाळ्यातही तीच बाई, तीच बस. तसं म्हटलं तर म्हणाली, "तो वेगळा भाग आहे गं." असेल. मला चित्रातलं काय कळतंय.

१३ जानेवारी, रविवार

सासूबाईंनी त्र्याऐंशीव्या वर्षी शोध लावला!

"सूनबाई, ह्या डब्याच्या पाठीमागनं गरम वारा येतो बघ. नुसता फुकट जातोय." म्हणून त्यांनी शुक्रवारीच टोपली डब्याच्या पाठीला अगदी चिकटवून ठेवली आणि दोघांवर मिळून एकच गोधडी पांघरली. सोयाबीन तीन दिवसांचं दोन दिवसांत आंबलं. उचललं की तारसुद्धा काय लांब सुटली! ह्यांनी दोन वाडगे सूप रिचवलं. सासूबाई अशा खूश, की शेजारी सांगून आल्या.

बोराम म्हणाली, "आजी, माझी चित्रमालिका वास मारायला लागली तर परीक्षक नाक धरून वाचतील." सगळे हसलो. मीही.

१५ जानेवारी, मंगळवार

गेला.

दुपारी घरी आले तर बोराम जमिनीवर बसलेली, डब्याला हात लावून. चालू केला की आतून कट् कट् असा आवाज येत होता आणि पडदा काळाच. मग जळका वास आला आणि तो आवाजही थांबला. सासूबाईंनी घाईघाईने टोपली उचलून बाजूला घेतली.

"सगळं त्यातच होतं," बोराम म्हणाली.

"दुसरीकडे कुठे ठेवलं नाहीस?"

"नाही."

जी पोरगी लायब्ररीच्या कार्डाच्याही दोन झेरॉक्स काढते! मग आठवलं. वाढदिवसाला तिने बाहेरून जोडायची डिस्क मागितली होती, आणि मी तिला लोकरीची आतली बनियन आणून दिली. रडली नाही. तिचं न रडणं मला सहन होईना.

सोळा दिवस राहिलेत.

१६ जानेवारी, बुधवार

गाळ्यावर सुट्टी टाकली. डबा चादरीत गुंडाळून पाठीला बांधला, लेकरू बांधतात तसा, आणि बर्फातून आम्ही दोघी बस स्टँडमागच्या यांगच्या दुकानात गेलो. यांग चाळिशीचा असेल. तोंडात सारखा वाळवलेल्या माकूळ मासळीचा तुकडा चघळत असतो. त्याने झाकण काढलं आणि मागे सरला.

"ताई, सुपाचं हॉटेल काढलंत का ह्यात?"

आत राखाडी लोकरीसारखी धूळ, धुळीला चिकट ओल, आणि पंख्यात चक्क काडाचे तुकडे. मी शरमेने मेले.

मग डॉक्टर विचारतात तसं त्याने विचारायला सुरुवात केली. जमिनीवर ठेवता? हो. तापत्या जमिनीवर? हो. वरून काही झाकता? हो. खोलीत ओले कपडे वाळत घालता? हवा कोरडी होते म्हणून घालतो, हो. पडदा कशाने पुसता? खिडकीच्या काचा पुसतो त्याच पाण्याने. त्याच बोर्डावर आणखी काय काय आहे? मी बोटं मोजली — भाताचा कुकर, किमचीच्या लोणच्याचा फ्रीज, सासूबाईंचा पायाचा शेक. कुकर सुरू झाला की दिवा बारीक होतो का? होतो. यांगने तोंडातला माकूळचा तुकडा बाहेर काढून हातात धरला. "एवढं सगळं सोसून हा पाच वर्षं चालला? ह्याला नव्या वर्षाला थोरांसारखा वाकून नमस्कार करा."

बोराम बाहेर जाऊन उभी राहिली होती. काचेतून तिची पाठ दिसत होती.

तेव्हा यांग हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, पंखा नि आतला बोर्ड गेला तो गरमीने. ते मी बदलीन, त्यात काही नाही. पण चित्रं आहेत डिस्कमध्ये, आणि डिस्क काही गोधडीने गेलेली नाही. चालू असताना वीज तोडली की तिला आत चरे पडतात. हे एकदा झालेलं नाही. रोज कुणीतरी करत होतं. घरात कोण बंद करतं बटण?"

मी म्हटलं, "बघते विचारून."

बघते विचारून! घरी येईपर्यंत मला माझेच शब्द ऐकू येत होते.

इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही. काल पहाटे पडदा चालू होता. त्यावर निळी पट्टी हळूहळू भरत होती आणि खाली लिहिलं होतं — बंद करू नका. मी वाचलं. चष्मा डोळ्यावर होता, नीट वाचलं. बस चुकेल म्हणून घाई होती. रोजचा अंगठा रोजच्या जागी गेला. टक्.

१७ जानेवारी, गुरुवार

सांगितलं नाही.

२० जानेवारी, रविवार

हे आले आणि घरात पाऊल टाकताच सुरू झाले. ट्रकमधून फोनवर सगळं कळलेलं. "आई, तो काय चूल आहे का? पोरीची दोन वर्षं घालवलीस तू!" ह्यांचा आवाज इतका चढलेला मी लग्नापासून दोनदाच ऐकलाय.

सासूबाई लसूण सोलत होत्या. सोलतच राहिल्या. म्हणाल्या, "हो रे बाबा. टोपली मीच लावली, गोधडी मीच घातली. म्हातारीला काय अक्कल असते?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तोंड उघडायची हीच वेळ होती. हातात पळी होती, सूप उतू जात होतं, आणि मी सुपाकडे गेले. सूप!

बोराम म्हणाली, "बाबा, आजीला बोलू नका. जाऊ दे आता." पण मान वर केली नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी आपली गादी गुंडाळली आणि मागच्या खोलीत नेली. तिथली नळी मी नोव्हेंबरपासून बंद ठेवलीय. "तिकडं उकडतं मला," म्हणाल्या. सोयाबीनची टोपली रिकामी करून अंगणात उपडी घातली. मी नळी चालू करायला गेले तर हात धरला. "कशाला उगीच तेल जाळतेस."

२२ जानेवारी, मंगळवार

यांगने डिस्क सोलला पाठवली. तिथे असली कामं करणारे लोक आहेत म्हणे, बंद खोलीत पांढरे कपडे घालून डिस्क उघडतात. आठवडा लागेल. निघालं तर निघालं. फोन बोरामलाच येणार.

पोरगी शांत आहे. फारच शांत. रात्री दहाला झोपते, सकाळी माझ्याआधी उठते. काल गाळ्यावरही आली माझ्याबरोबर, मुळ्या कापायला बसली. सुरी छान चालवते. मालकीणबाई म्हणाल्या, "तुझी लेक तर चेहऱ्याने भरली गं." मला चरचरलं. फार मोठा घाव बसला की माणूस असा गार पडतो, ऐकलंय मी. माझ्या धाकट्या मावशीचं झालं होतं तसं, काका गेले तेव्हा.

आणि मी तिच्या शेजारी बसून मुळ्यांच्या गड्ड्या बांधत होते. माझं तोंड काय शिवलंय का?

सगळं खरं लिहायचं तर हेही लिही बाई. मला ती स्पर्धा नकोच होती. सणाला नातेवाईक विचारतात, बोराम काय करते, तेव्हा मी म्हणायचे, तयारी करते. कसली ते सांगत नव्हते. बहिणीची मुलगी टपाल खात्यात लागली तेव्हा मी तीन दिवस बहिणीचा फोन घेतला नाही. कधी कधी पहाटे बटण दाबताना मनात यायचं, एकदाचं हे संपू दे. संपावं असं वाटणं आणि संपवणं यात फरक आहे. आहे ना? मला आता तो सापडेनासा झालाय.

२५ जानेवारी, शुक्रवार

सासूबाईंना खोकला. विजेवर तापणारं पांघरूण आणून दिलं, तर परत केलं. "विजेच्या वस्तूंचं नि माझं जमत नाही, ठाऊक आहे ना साऱ्या गावाला." असं टोचून बोलतात, आणि ते मलाच बरोबर टोचतं. शेवटी रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी ठेवलं. ते घेतलं.

आज ठरवून बोरामजवळ बसले. ती लोकरीचे मोजे शिवत होती. म्हटलं, "बोराम, त्या कॉम्प्युटरचं जे झालं ना—"

"आई, नको ना ते नाव. प्लीज."

मी लगेच उठले. किती चटकन उठले! सुटका झाल्यासारखी.

२९ जानेवारी, मंगळवार

दुपारी बोरामचा फोन वाजला. ती तशीच बाहेर गेली, अंगात जाकीट नाही, पायात चप्पल. खिडकीतून बघत होते. ती फार बोलली नाही, नुसतं ऐकत होती. मग फोन ठेवून बराच वेळ अंगणात उभी राहिली, त्या उपड्या टोपलीपाशी. नाक लाल करून आत आली.

"काही नाही निघालं," म्हणाली.

मागच्या खोलीचं दार किलकिलं होतं. सासूबाईंनी ऐकलं. दार लागलं.

मी काय केलं? मी म्हटलं, "जेवून घे." अठ्ठावीस वर्षांत त्या पोरीच्या प्रत्येक दुःखावर मी हेच म्हटलंय. ती जेवली. सगळं जेवली, ताट पुसून.

ती झोपल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडले. दोन वर्षं. अठरा भाग. ती बसमधली बाई कोण होती, कुठे चालली होती, आता कुणालाच कळणार नाही.

३१ जानेवारी, गुरुवार

आज शेवटची तारीख होती. मी दिवसभर घड्याळ बघत होते, मुळी कापताना बोट कापलं.

घरी आले तर बोरामने टेबल पुसून भिंतीला लावलेलं. चित्रं काढायची पाटी नि पेन खोक्यात. आणि ही बाई कॉम्प्युटर कॅफेत जाऊन परीक्षेचा फॉर्म भरून आली होती! मला न विचारता. "शब्द दिला होता ना," म्हणाली आणि हसली. छान हसली. कित्येक महिन्यांत अशी हसली नव्हती.

मला हवं होतं ते झालं. दोन्ही वर्षं मी देवळात जाऊन हेच मागितलं. मग मला एवढा राग का आला? वाटलं, भांड गं जरा. आदळआपट कर. कोणी केलं म्हणून विचार. माझी गचांडी धर. इतक्या गुपचूप कुणी हरतं का?

२ फेब्रुवारी, शनिवार

आज सासूबाईंचं अंग पुसून द्यायला गरम पाणी घेऊन मागे गेले. पाठ नुसती हाडं. खोकला छातीत उतरलाय. मी पाठ पुसत होते, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. त्यामुळेच बोलल्या असाव्यात.

"बोरामला सांगू नको तू."

"काय, आई?"

"तेच. अंगठ्याचं."

माझ्या हातातला टॉवेल गार झाला.

"म्हाताऱ्या माणसाला पहाटे झोप असते काय? रोज बघत होते. उजवा पाय. आधी मोजा काढायचीस, मग दाबायचीस."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? सगळे तुमच्यावर—"

"माझ्यावर रुसली तर दोन दिवस रुसेल. नातच ती. तुझ्यावर रुसली तर दहा वर्षं. आई म्हटलं की कुणी सोडतं का?" मग खोकल्या, बराच वेळ. "आणि गोधडी मीच घातली होती की. ते काय खोटं नाही."

चौतीस वर्षं मी ह्या बाईच्या नावाने ह्याच वहीत किती लिहिलंय. मिठावरून, माहेरावरून, मुलगा झाला नाही त्यावरून. आज मागची पानं उघडायला धजले नाही. नळी चालू केली. यावेळी त्यांनी हात धरला नाही, धरायला ताकद नव्हती. पण ती खोली तीन महिने बंद होती, जमीन तापायला दिवस लागतील.

५ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात नेलं. छातीत कफ साठलाय, तापही आहे. औषधं दिली, चार दिवसांनी परत बोलावलंय. डॉक्टर तरुण आहे, चिडला. "एवढ्या थंडीत म्हाताऱ्या माणसाला गार खोलीत कोण झोपवतं?"

सासूबाई म्हणाल्या, "मला उकडतं हो."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. वाईट सून दिसते कशी, ते त्याला आज बघायला मिळालं.

घरी आल्यावर म्हटलं, आता पुढच्या खोलीत चला, उबेला. तर नाही. "तिथं पोरगी असते. मला बघून तिला आठवण येते." हट्ट म्हणजे हट्ट. बोरामनेही आग्रह केला नाही. ती मागच्या खोलीत पाऊलच टाकत नाही, औषध दारातून देते. तेवढं मात्र मला तिचं आवडलं नाही. आजीने काय जाणूनबुजून केलं?

आणि कुणाला म्हणतेय मी हे!

रविवारी आमचं चंद्राच्या तिथीचं नवं वर्ष. पाहुणे येतील, पूर्वजांचं पान मांडू, मग सगळे ओळीने सासूबाईंपुढे वाकतील. आणि प्रत्येक जण मनात म्हणेल, हिनेच नातीचं वाटोळं केलं. ते मला बघायचं नाही. त्याआधी बोरामला सांगायचं. दहा वर्षं रुसली तर रुसली. मी सत्तावन्नची आहे, सदुसष्टाव्या वर्षी बोलेल.

६ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. बटण, अंगठा, निळी पट्टी, 'बंद करू नका' वाचलं होतं तेही. आजीला सगळं माहीत होतं तेही. एका दमात.

 बोराम जमिनीकडे बघत म्हणाली, "आई, डिस्क फोन आला त्या मंगळवारीच निघाली. सगळी. एक रेघसुद्धा गेलेली नव्हती."

मला समजेना. "मग अठरा भाग?"

"नऊ पानं आहेत. भाग नाही, पानं. दोन वर्षांत नऊ. बसमधली बाई रोज काढायचे आणि पहाटे पुसायचे. तो बंद पडला ना, तेव्हा मला इतकं सुटल्यासारखं वाटलं. आणि बाबा आजीला ओरडले तेव्हा मी सगळं तिच्यावरच जाऊ दिलं."

तापलेल्या जमिनीवर आम्ही दोघी समोरासमोर बसून राहिलो. कुणी कुणावर रागवायचं तेच कळेना.

मागच्या खोलीत सासूबाईंना उबळ आली. बोराम माझ्याआधी उठली.